देवळाचा उलटा फेरा

रविवार, सात डिसेंबर. तुमची गाडी एक लाख चाळीस हजाराला ठरली आणि पाच हजार रुपये इसार घेतला. हजर होतो चौघं: ताई, मयूरी, गाड्यांचा दलाल वानखडे आणि मी. भाऊजी, तुमची तेरवी होऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

इसार मी माझ्या हाताने घेतला. हे आधीच सांगून टाकतो. तुम्हाला मधली माणसं कधी आवडली नाहीत, मग ही गोष्टही दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको.

गाडी विकायचा हट्ट ताईचा. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला परत निघालो होतो, चपला घालत होतो, तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "दिनू, ते गाडी काढून टाक बाप्पा. मले तो आवाज नको आता."

मला वाटलं, तिला भीती वाटते. भीती मलाही होतीच. मयूरीची नेमणूक धारणीकडे, आरोग्य उपकेंद्रात. आजवर पोरगी एसटीने आणि पुढे जीपमध्ये चौदावी सवारी होऊन जात आली. तुम्ही तिला दिवाळीत शब्द दिला होता की फुलांचा हंगाम सरला की गाडी तुझी. आता तिने धरून ठेवलं होतं, "बाबांनी मला दिली आहे, मी सोमवारी ती घेऊनच जाणार." आई म्हणते विक, मुलगी म्हणते नेते, आणि दोघी माझ्याकडे बघतात. अकोटच्या पुढे घाट लागला की वर फोनला धड रेंज नाही. त्या रस्त्यावर ती गाडी पोरीच्या हाती द्यायची की नाही, एवढंच मला सांगायचं होतं. आणि ते ठरणार होतं त्या एका आवाजावर, ज्याच्यावरून तुमचं माझं भाऊबीजेला वाजलं.

ते भांडण अजून मिटलेलं नाही, भाऊजी. तुम्ही ते अर्धं टाकून गेलात. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कचेरीत पंखा टिकटिक करतो तर मी मान वर करतो. घरी हिने मिक्सर लावला की मी विचारतो, हा नेहमीचाच आवाज आहे का? रस्त्याने कोणाची गाडी वळली की पाय थांबतात. ही परवा म्हणाली, "तुमच्या कानात भाऊजी जाऊन बसले."  खरं तर हे कान तुम्हीच केले.

मला गाडी तुम्ही शिकवली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. शिकवणीच्या शाळेत मी एकवीस दिवसांचे पैसे भरले होते आणि शेवटी तिथला माणूस म्हणाला की साहेब, तुम्ही ड्रायव्हर ठेवा. तुम्ही ते ऐकून इतके हसलात की ताई आतून धावत आली. मग दर रविवारी मला बाळापूर रस्त्याला तुमच्या शेतापर्यंत नेऊ लागलात. मागच्या सीटवर शेवंतीचे कॅरेट, गाडीत ओल्या पाल्याचा वास, आणि तुमचा पहिला हुकूम: "काचा खाली कर. रेडिओ बंद. गाडी चालवाची नसते साळेबुवा, आयकाची असते."

मी विचारलं, "काय ऐकायचं?"

"घरातल्या मानसायचे आवाज वळखतो का नाई तू? तसंच. हे पाह्य, वेग वाढला का गुनगुन वाढते, कमी झाला का कमी होते, ते बेरिंग. म्हंजे तुयी आई. दिवसभर एका सुरात. आन् सरळ रस्त्यानं चूप, पन वळाची पाळी आली का कट-कट-कट-कट, ते एक्सलचा जॉइंट."

"ते कोण?"

"ते तू! सरळ असते तवा लई शहाना. जरासं वळव म्हटलं का कटकट चालू."

मी रागावलो होतो, पण ते मी विसरलो नाही. इंजिनातला जोर पुढच्या चाकापर्यंत नेणारा दांडा असतो, त्याच्या टोकाला हा जॉइंट. चाक वळलं तरी फिरत राहावं म्हणून आतले गोळे खाचेत सरकतात. वरून रबराचं टोपण, त्याला तुम्ही बूट म्हणायचे. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, माती आत शिरते आणि गोळे खाच खातात. तुमच्या गाडीचे बूट आपल्याकडे जसे फाटतात तसेच फाटले. कापलेल्या तुरीचे खुंट धुऱ्याला, शेताच्या बांधाला उभे असतात, सुरीसारखे. तुम्ही गाडी थेट झेंडूच्या वाफ्यापर्यंत न्यायचे. मी म्हणायचो, रस्त्यावर थांबवा, कॅरेट उचलून आणू. तुम्ही म्हणायचे, "उचलाले तू येशीन काय अमरावतीवून?"

दसऱ्याच्या आधी वळताना कटकट सुरू झाली. तुम्ही फोनवर मला गाडीतूनच ती ऐकवली होती. मग शकील मिस्त्रीकडे डावा जॉइंट नवा टाकला आणि मला कळवलं, "आवाज गेला. गाडी नवरीसारखी झाली."

भाऊबीजेला मी आलो. तुम्ही मला घ्यायला स्टँडवर आलात. रस्ताभर गाडी गप्प होती, हे मी मान्य करतो. मग गिरणीच्या कोपऱ्यावर तुम्ही आपल्या गल्लीत डावीकडे वळलात आणि मला स्पष्ट ऐकू आलं. कट-कट-कट.

मी म्हणालो, "भाऊजी, आवाज आहे."

"फरशी हाये ते."

गटारावरची फरशी तिथे हलायची, ही गोष्ट खरी. चाक गेलं की वाजायची. पण फरशी वाजली तर एकदा वाजेल, दोनदा वाजेल. मी सात वेळा वाजलेलं मोजलं होतं. तसं म्हणालो तर तुम्ही गाडी दारातून तशीच मागे घेतली. "चाल. देवीच्या देवळाले चाल. आत्ता फैसला."

तो तुमचा नेहमीचा फैसला. गाडी कोणाचीही असो, मेकॅनिककडे न्यायच्या आधी तुम्ही ती देवळाला फिरवून आणायचे. भोवती मुरमाचं सपाट मैदान, वर्दळ नाही, आणि देवळाच्या भिंतीवर आपटून चाकाचा आवाज परत कानावर येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, काचा खाली, पहिला गिअर, आणि देवळाला वेढा घालायचा. जॉइंट खराब असेल तर तिथे लपू शकत नाही. निम्म्या कॉलनीच्या गाड्या तुम्ही अशा तपासल्यात. पुजाऱ्याने एकदा विचारलंही होतं, "हे नवसाचं हाये का पेट्रोल जास्त झालं?"

त्या दिवशी तुम्ही पाच फेरे मारले. मी कान भिंतीकडे लावून बसलो होतो. काही नाही. मुरमाची करकर, बस. तुम्ही गाडी थांबवून माझ्याकडे पाहिलंत. "आयकलं? का अजून फिरवू?"

मी हरलो होतो आणि तरी मला आवाज आला होता. माणसाने तिथे गप्प बसावं. पण मी म्हणालो, "ते असो. मयूरीला या गाडीत घाटात पाठवू नका."

तुमचा चेहरा उतरला. हसणं नाही, टोमणा नाही. "माह्या पोरीचा जीव तुले माह्यापेक्षा जास्त हाये काय, दिनकर?"

साळेबुवा नाही, दिन्या नाही. दिनकर. घरी येऊन मी ओवाळून घेतलं, जेवलो, संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. तुम्ही स्टँडवर सोडायला आला नाहीत, म्हणालात, गुडघा दुखते. मी ऑटोने गेलो. त्यानंतर आपण तीनदा फोनवर बोललो. झेंडूचा भाव, माझ्या पोराचा निकाल, थंडी. आवाजाचं नाव तुम्ही काढलं नाही, मीही नाही. मी वाट बघत होतो की तुम्ही काढाल. तुम्हीही तेच करत असाल.

आता सात डिसेंबर. वानखडेला मी बोलावलं होतं. तो गाडी घेऊन एक चक्कर मारून आला. आम्ही ओट्यावर होतो, ताई आत स्वयंपाकघरात. गाडी गिरणीच्या कोपऱ्यावरून वळली आणि मला तोच आवाज आला. उठून मी आत पाणी प्यायला गेलो तर ताईने गॅसवर चहाचं पातेलं चढवलेलं, साखर टाकलेली, आणि ती पातेल्याकडे बघत उभी. मग तिने गॅस बंद केला आणि ते पाणी मोरीत ओतून दिलं. मला वाटलं, पाहुण्याला चहा द्यायचा तिचा विचार बदलला.

बाहेर वानखडे सांगत होता, "गाडी चोख वापरली हाये साहेब, भाऊचा हात होता. पन एक्सल बोलते. दीड म्हटलं होतं, एक चाळीस देतो."

मयूरी उसळली. "एक्सल नवीन आहे. बाबांनी दसऱ्याला टाकला. आवाज नाही तिला."

"बाई, आवाज मले आला. तुमच्या बाबाले नसन येत."

त्याला तसं म्हणायचं नव्हतं. लगेच त्याने जीभ चावली आणि खाली बघत पाच हजार मोजले. मी घेतले. ताईने बाहेर येऊन मान हलवली. वानखडे म्हणाला, मंगळवारी बाकीचे पैसे आणि कागद, आणि गेला.

मयूरी रडली नाही. तुमच्यासारखीच आहे. किल्ली माझ्यापुढे आपटली. "मामा, तुमी दोघं मिळून बाबाले खोटं ठरवून राहिले." एरवी शाळेत शिकलेली शुद्ध भाषा बोलते, रागात तुमची येते. "चला देवळाले. आई, तू पन चाल. तूही आयक."

तिने चालवली. मी शेजारी, ताई मागे, काचा खाली. तुम्ही शिकवलं तसंच सगळं. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, पहिला गिअर, देवळाला वेढा. एक फेरा, दोन, तीन. काही नाही. मुरमाची करकर. तिने माझ्याकडे पाहिलं ते अगदी तुम्ही पाहिलं होतं तसं. मला त्या क्षणी, खरं सांगतो, बरं वाटलं. म्हटलं, हरलो तर हरलो, भाऊजी तर खरे ठरले.

परत निघालो. गिरणीचा कोपरा आला, ती डावीकडे वळली. कट-कट-कट-कट.

"फरशी," मयूरी म्हणाली.

"थांबव," मी म्हणालो. उतरलो, फरशीवर उभा राहिलो, टाचा आपटल्या. ती हललीच नाही. तेरवीला मंडप घालताना पोरांनी फरशी सिमेंटने पक्की बसवली होती, पंगतीला येणाऱ्यांचे पाय अडकू नयेत म्हणून. म्हणजे फरशी नाही. आणि देवळापाशी आवाज नाही. मी रस्त्यात तसाच उभा. गिरणीवाला विचारतो, "काय हारपलं काय?" मी हातानेच नाही म्हटलं, आणि तो हात हलवता हलवता मला समजलं. इथे गाडी डावीकडे वळते. देवळापाशी उजवीकडे.

सगळे फेरे उजवीकडे. तुमचे, मयूरीचे, तुमच्याकडून शिकलेल्या निम्म्या कॉलनीचे. कारण देवळाला फेरा घालायचा तर देवी उजव्या हाताला ठेवायची. आपल्यापैकी कोणाचे हात स्टिअरिंग दुसरीकडे वळवणारच नाहीत. गाडी एका बाजूला वळते तेव्हा भार दुसऱ्या बाजूच्या चाकावर येतो आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा जॉइंट बोलतो, हे तुम्हीच मला सांगितलेलं. उजवीकडे वळलं की डावा. डावा तुम्ही बदललात, तो गप्प झाला. उजव्याला बोलायची पाळीच तुम्ही कधी दिली नाही. तुरीचे खुंट दोन्ही बाजूंनी होते, भाऊजी.

मी गाडीत बसून एवढंच म्हणालो, "परत देवळाला चल. आणि उलटा फेरा मार."

मयूरीने ब्रेकवरचा पाय काढला नाही. मागून ताई म्हणाली, "उलटा? देवीले?"

"गाडीचा गं, ताई. तपासायला."

"तुले काही वाटते का दिनू? घरात सुतक सरून चार दिवस नाई झाले. उलटा फेरा कोनी मारते काय? दुसरीकडं कुठं फिरव."

दुसरीकडे फिरवता आली असती. शाळेचं मैदान होतं, बाजार समितीचं आवार रविवारी रिकामं असतं. पण मला तिथेच पाहिजे होतं. जिथे तुम्ही मला हरवलंत तिथेच. हे मी ताईला कसं सांगणार?  मयूरीच म्हणाली, "आई, बाबांनी इथंच तपासली होती. इथंच बघू दे."

गाडी देवळासमोर थांबली.  ताई दार उघडून उतरली, पायरीपर्यंत गेली, पदर डोक्यावर घेतला. आम्हाला ऐकू येत होतं. "माय, हे दोघं हट्टी हायेत आन् ते तिसरे तुह्याकडंच आले. त्यायलेच इचार काहून असं करून राहिले हे दोघं. पाप लागलं तर मले लागू दे, पोरीले नको." आणि परत येऊन मागे बसली. "मार."

मयूरीने स्टिअरिंग डावीकडे वळवलं, पार शेवटपर्यंत. गाडी हलली, आणि भिंतीवरून तो आवाज आला. कट-कट-कट-कट-कट. मोजायची गरज नव्हती. फेरा संपेपर्यंत थांबलाच नाही. पुजारी बाहेर येऊन बघत उभा राहिला. मयूरीचे डोळे समोर होते आणि ओठ घट्ट मिटलेले.

मी बरोबर होतो. भाऊबीजेपासून ज्याच्यासाठी मी तळमळत होतो ते हेच, आणि ते ऐकायला तुम्ही नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पन माहा डावा तर खरा व्हता ना?" होता, भाऊजी. तुम्ही अर्ध्या गाडीपुरते पूर्ण खरे होता. तुमच्या तपासणीत खोट नव्हती, ती एकाच बाजूने होत होती एवढंच. पोरीच्या जिवाची काळजी माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त होती, हेही मला तेव्हाच माहीत होतं. ते म्हणायला पाहिजे होतं, ते राहिलं. आता म्हणतो.

"थांबव," मागून ताई म्हणाली.

मयूरीने गाडी थांबवली. मला वाटलं ताई रागावली. मी मागे वळून पाहिलं तर ती खिडकीच्या काठावर हात ठेवून बसली होती.

"हाच आवाज," ती म्हणाली. "मले हे बेरिंग का काय ते समजत नाई. पन दिवसभर शेतातून, बजारातून हे कवा येतीन त्याचा नेम नाई. कोपऱ्यावर हा आवाज आला का मी चहा ठेवो. दारात येईस्तोवर उकळी फुटे. दसऱ्याच्या आंधीपासून असंच. हे म्हनत, तुले कसं समजते वो मी आलो म्हून? मी नाई सांगतलं. सांगतलं तर दुरुस्त करून आनतीन."

 सकाळचं ते पातेलं मला आठवलं. 'मले तो आवाज नको' म्हणजे काय, तेही तेव्हाच कळलं.

मयूरी म्हणाली, "मामा, आता सांगा. नेऊ का नको?"

मी सांगितलं. असा जॉइंट लगेच तुटत नाही, पण तुटला तर इंजिन चालू राहतं आणि चाकाला ओढ मिळत नाही. गाडी चढावर जिथे आहे तिथे थांबते. घाटात ते नको. उजवा बदलला, दोन्ही बूट पाहून घेतले, तर ही गाडी धारणीला न्यायला माझी हरकत नाही. लिहून देतो म्हणालो, कचेरीतल्या सवयीने.

"पण मग आवाज जाईल," मयूरी म्हणाली. ती आईकडे बघत होती.

ताईने पदराने तोंड पुसलं. "जाऊ दे. पोरगी घाटात जाते का चहा पाह्यते? बदल. आन् त्या वानखड्याले सांग, गाडी विकाची नाई."

सोमवारी मी रजा टाकली. शकील मिस्त्रीने चाक काढलं आणि मला खाली बसवून दाखवलं. उजव्या बुटाला बोटभर चीर, चाकाच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे. त्याने दोन बोटांत ते ग्रीस चोळलं, आत माती कचकचत होती. "भाऊले म्हटलं होतं म्या, दोनी पाहू. भाऊ म्हने, देवळाले फिरवून आनली, उजवा साफ हाये. भाऊपुढं कोन बोलते जी?" मी म्हणालो, मी बोललो होतो. तो म्हणाला, "मंग? मानलं काय?"

दुपारी गाडी तयार झाली. मयूरी आणि मी आधी देवळापाशी गेलो. सरळ फेरा, उलटा फेरा. दोन्हीकडे मुरमाची करकर, दुसरं काही नाही. मग घरी. गिरणीच्या कोपऱ्यावर ती डावीकडे वळली तेव्हा मी श्वास धरून होतो. गाडी गप्प वळली. दारात उभी राहिली, इंजिन बंद झालं, आम्ही दारं लावली, तेव्हा कुठे ताई आतून बाहेर आली.

"कवा आले?" तिने विचारलं. "समजलंच नाई."

मग आत जाऊन तिने चहा ठेवला. आम्ही ओट्यावर वाट बघत बसलो. उकळी फुटायला किती वेळ लागतो, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मयूरी मंगळवारी पहाटे गाडीने निघाली. धारणीला पोचल्यावर तिचा फोन आला: काचा खाली ठेवून गेले, मामा, सरळ रस्त्यानं पन चूप, वळणावर पन चूप.

दिलं ते असं. उजवा जॉइंट, दोन बूट, ग्रीस आणि मजुरी मिळून तीन हजार एकशे, शकील मिस्त्रीला. इसाराचे पाच हजार वानखडेला परत; त्याने जास्तीचं काही मागितलं नाही, म्हणाला, भाऊची गाडी घरातच बरी. आणि अकरा रुपये ताईने स्वतः चालत जाऊन देवीच्या पेटीत टाकले, उलट्या फेऱ्याचे. मी म्हणालो, मी देतो, फेरा मी मारायला लावला. ती म्हणाली, "नाई. हे त्यायचे हायेत. त्यायनं मारला असता तर त्यायनंच देले असते."